बॅटरीविना बोलणारी साधने आणि जवळचा निरोप्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानातील एखाद्या नव्या गोष्टीविषयी घरच्या मंडळींस समजेल असे चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणिसांनी आम्हांस केली. आम्ही निवडलेला विषय वरकरणी रुक्ष आहे. ज्यांत बॅटरी नाही, ज्यांना तारेने वीज मिळत नाही, अशा लहानशा साधनांनी मोबाइलच्या जाळ्याशी बोलावे कसे, आणि त्यांच्या व दूरच्या मनोऱ्याच्या मध्ये एखादा निरोप्या उभा करावा लागतो तो का, हा तो विषय होय. हा निरोप्या उद्या कदाचित आपल्याच घरात आणि आपल्याच खिशात असणार आहे. म्हणून तो घरात येण्यापूर्वी त्याची ओळख करून घेणे आणि त्याच्या नोकरीच्या अटी ठरविणे हे गृहस्थाचे काम आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्रश्न असा की, बॅटरीवाचून कोणी बोलेल कसे? त्याचे उत्तर फार जुने आहे. १८६९ च्या सुमारास कराचीस, म्हणजे त्या काळच्या मुंबई इलाख्यातच, हेन्री मान्स या अधिकाऱ्याने आरशाने संदेश पाठविण्याचे एक यंत्र सिद्ध केले. त्यास हेलिओग्राफ म्हणतात. त्यात दिवा नव्हता, तेल नव्हते. सूर्याचा प्रकाश आरशावर पडावा आणि आरसा किंचित हलवून तो प्रकाश दूरच्या माणसाच्या डोळ्यांवर कधी टाकावा, कधी काढून घ्यावा, एवढीच युक्ती. प्रकाश सूर्याचा, केवळ हलविणे आपले. स्वतः काही न उत्पन्न करता आलेली लहर आपल्या मनाप्रमाणे परतविणे, हेच बॅटरीविना बोलण्याचे मर्म आहे. या हेलिओग्राफविषयी आणखी एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. समोरचे ठिकाण दृष्टीच्या टप्प्यापलीकडे असले, तर मधल्या डोंगरमाथ्यावर एक ठाणे बसवावे लागे. तेथील मनुष्य एकीकडचा संदेश वाची आणि आपल्या आरशाने पुढे धाडी.

जे प्रकाशाचे, तेच रेडिओच्या लहरींचे, कारण दोन्ही एकाच कुळातील आहेत. १९४८ साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीच्या द्वारे संदेशवहन कसे करता येईल यावर एक निबंध प्रसिद्ध केला. परंतु त्याच्याही पूर्वी एक विलक्षण उदाहरण घडून गेले होते. १९४५ साली मॉस्को येथे सोव्हिएत बालवीरांनी अमेरिकेच्या राजदूतास लाकडात कोरलेले एक सुंदर राजचिन्ह भेट दिले, आणि ते राजदूताच्या निवासस्थानी भिंतीवर लावण्यात आले. त्याच्या पोटात लेव्ह थेरेमिन यांनी बनविलेले एक साधन दडलेले होते. त्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती. धातूची एक पोकळ डबी, तिच्यावर पातळ पडदा आणि एक लहानशी अँटेना, इतकेच. बाहेरून रेडिओची लहर सोडली की खोलीतील बोलण्याने पडदा थरथरे आणि परतणाऱ्या लहरीवर त्या बोलण्याचा ठसा उमटे. १९५२ पर्यंत, म्हणजे सात वर्षे, त्याचा पत्ता लागला नाही. १९६० साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे अमेरिकेने ते जगास दाखविले. ज्यात बॅटरी नाही ते कधी थकत नाही, हा या कथेचा पहिला बोध होय. दुसरा बोध आम्ही पुढे सांगू.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्यापैकी ज्यांच्या घरी मोटार आहे त्यांच्या काचेवर फास्टॅग चिकटविलेला आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो आवश्यक झाला. त्या कागदासारख्या पट्टीत बॅटरी नाही. नाक्यावरील वाचक यंत्र लहर सोडते, त्या लहरीतील अल्पशी शक्ती घेऊन पट्टीतील चिप जागी होते, आणि आपला क्रमांक परतणाऱ्या लहरीवर उमटवून पुन्हा झोपी जाते. आपले पैसे त्या पट्टीत नसतात, ते खात्यात असतात. पट्टी केवळ आपले नाव सांगते, आणि ते नाव खात्यापर्यंत पोहोचविण्याचे काम नाक्यावरील यंत्र व त्यामागील जाळे करते. म्हणजे निरोप्याचा परिचय आपणांस झालेलाच आहे, आपण त्यास त्या नावाने ओळखत नव्हतो इतकेच.

मग अडचण कोठे आहे? अडचण अंतराची आहे. दिव्यापासून दुप्पट दूर गेले की प्रकाश निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो, हे शाळेत आपण शिकलो आहोत. रेडिओच्या लहरीचेही मोकळ्या जागेत तसेच होते. परंतु जे साधन केवळ लहर परतविते, त्यास हा कर दोनदा भरावा लागतो, लहर येताना एकदा आणि जाताना पुन्हा एकदा. म्हणून अंतर दुप्पट झाले की परतून येणारा आवाज चौथा हिस्सा न राहता सोळावा हिस्सा राहतो. दहा मीटरवरील टॅग आणि एक हजार मीटरवरील टॅग यांची तुलना करा. अंतर शंभर पट. जाताना शक्ती दहा हजार पटींनी घटते, आणि परत येईपर्यंत दहा कोटी पटींनी. मध्ये भिंती, झाडे, पत्र्याचे छप्पर आले की स्थिती याहूनही वाईट. मोबाइलच्या मनोऱ्याने आपला जोर वाढवून जाण्याच्या वाटेतील काही तूट भरून काढली, तरी परतीची तूट राहतेच. मनोरा ओरडेल, पण टॅगची कुजबुज त्याच्या कानी पडणार नाही.

ही कुजबुज किती लहान असते त्याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब देतो. आपल्या घरातील साधा एलईडी दिवा ९ वॅट घेतो. असल्या टॅगची चिप सुमारे १० मायक्रोवॅटवर, म्हणजे त्या दिव्याच्या नऊ लाखांश शक्तीवर, आपला संसार चालवू शकते. काही साधने थेंबे थेंबे तळे साचे या न्यायाने एका बारीकशा कपॅसिटरमध्ये शक्ती साठवीत राहतात आणि पुरेशी साठली की क्षणभर बोलतात. पुष्कळ वेळ मौन आणि थोडा वेळ भाषण, असा त्यांचा दिनक्रम असतो.

या मर्यादेचा अनुभव प्रत्यक्ष प्रयोगांनी आलेला आहे. अमेरिकेतील सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. दूरदर्शनच्या मनोऱ्यावरून ज्या लहरी अखंड येत असतात, त्यांच्याच बळावर दोन बॅटरीविहीन साधने परस्परांशी बोलली. कित्येक मैलांवरचा मनोरा त्यांना शक्ती पुरवीत होता, परंतु त्यांचा स्वतःचा आवाज मात्र उघड्यावर अडीच फुटांपर्यंतच पोहोचला. पुढे २०१७ साली त्याच विद्यापीठात बॅटरी नसलेला फोन तयार झाला. तो अवघ्या साडेतीन मायक्रोवॅटवर चालला आणि त्यावरून खरोखरच संभाषण झाले. कसे झाले, तर त्यापासून सुमारे ३१ फुटांच्या आत त्याच्याकरिता खास बनविलेले एक केंद्र ठेवले होते. ते केंद्र त्याची कुजबुज ऐके आणि स्काइपच्या द्वारे पुढील जाळ्यात पोहोचवी. त्या बिनबॅटरीच्या फोनची कीर्ती पुष्कळ झाली, त्या जवळच्या केंद्राचे नाव फारसे कोणी घेतले नाही. परंतु ते नसते तर तो फोन मुका होता.

येथे आमच्या सांगण्याचा गाभा आहे. दुर्बळाचा आवाज दूर पोहोचत नसेल, तर त्यावर दूरच्या मनोऱ्याने अधिक ओरडणे हा उपाय नव्हे. त्याच्याजवळ कोणी जाऊन उभे राहणे हाच उपाय. दहा कोटी पटींची तूट ओरडून भरून निघत नाही, ती जवळ जाऊन भरून निघते.

जगातील मोबाइल जाळ्यांचे नियम ठरविणारी थ्री जीपीपी नावाची संघटना आहे. तिचा भार वाहणाऱ्या सात संस्थांपैकी एक आपल्या भारताची, टीएसडीएसआय ही होय. या संघटनेने २०२३ साली अशा बॅटरीविहीन साधनांविषयी एक अभ्यास-अहवाल तयार केला आणि पुढे आपल्या नियमांच्या एकोणिसाव्या आवृत्तीत हे काम हाती घेतले. त्या अहवालात जोडणीचे चार प्रकार वर्णिले आहेत. पहिल्यात साधन व मनोरा यांचे सरळ संभाषण. दुसऱ्यात दोघांच्या मध्ये निरोप्या. तो वेगळे बसविलेले रिले केंद्र असेल, लहरींचे बळ वाढविणारे रिपीटर असेल, किंवा चक्क एखाद्याचा मोबाइल फोन असेल. तिसऱ्यात निरोप्या एकाच बाजूने साहाय्य करतो. म्हणजे साधनाला हाक तो मारतो आणि उत्तर मनोरा ऐकतो, अथवा याच्या उलट. चौथ्यात साधन व फोन यांचेच आपसात बोलणे. यांपैकी दुसरा प्रकार आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण मनोरे सर्वत्र जवळ उभारणे कोणासही परवडणारे नाही.

निरोप्याचेही दोन स्वभाव असतात. एक असतो नुसता वाहक. तो आलेली लहर आहे तशी मोठी करून पुढे लोटतो. यात वेळ वाचतो, परंतु लहरीबरोबर आलेला गोंगाटही तितकाच मोठा होतो. दुसरा असतो वाचक. तो निरोप उलगडून समजून घेतो, चुका काढतो आणि स्वच्छ अक्षरात पुन्हा लिहून पुढे धाडतो. यात शक्ती व वेळ अधिक लागतो, पण गोंगाट मागे राहतो. कोणता कोठे नेमावा हे कामावर अवलंबून आहे.

निरोप्याचे काम सोपेही नाही. प्रथम, टॅगला जागे ठेवण्याकरिता त्यास स्वतः मोठ्याने लहर सोडीत राहावे लागते आणि त्याच वेळी टॅगचे क्षीण उत्तर ऐकावे लागते. ढोल वाजवीत असतानाच शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखे हे आहे. म्हणून काही ठिकाणी लहर सोडणारा एक व ऐकणारा दुसरा अशी वाटणी करतात. दुसरी अडचण गर्दीची. पंगतीत शंभर पानांवरून एकदम मागणी सुरू झाली तर वाढप्यास कोणाचेच कळत नाही. यावर तोडगा असा की, वाचक यंत्र सर्व टॅगांस मनात एकेक आकडा धरावयास सांगते आणि मग ज्याचा आकडा येईल त्याने बोलावे. दोघांचा आकडा एकच निघाला तर पुन्हा आकडे धरावे. या रीतीचे मूळ १९७१ साली हवाई विद्यापीठात सुरू झालेल्या अलोहा नावाच्या बिनतारी जाळ्यात आहे. तिसरी अडचण पाण्याची व धातूची. पाणी या लहरी शोषून घेते आणि पत्रा त्या अडवितो. जेथे ओल व पत्रा दोन्ही असतील तेथे टॅग कोठे लावावा हे हाताने पारखूनच ठरवावे लागते.

या सर्वाचा आपल्या कुटुंबांस उपयोग काय? आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक अद्याप शेतीवर आहेत. कांद्याची चाळ डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यात भरलेला कांदा पावसाळा ओलांडीपर्यंत टिकवावयाचा असतो. मधल्या थरात ऊब व दमटपणा वाढला तर कांदा सडू लागतो किंवा त्यास मोड येतात, आणि वरून ते कळत नाही. समजा, थराथरांत तापमान सांगणारे लहान टॅग ठेवले. प्रत्येकात बॅटरी घालावयाची तर ती बदलणार कोण, आणि वापरलेल्या बॅटऱ्यांचा विषारी कचरा टाकणार कोठे? बॅटरीविहीन टॅग असतील तर हा प्रश्न उरत नाही. परंतु मनोरा दोन किलोमीटरवर आणि कांद्यात पाण्याचा अंश मोठा. अशा ठिकाणी चाळीच्या आढ्याला एकच निरोप्या, लहानशा सौर तावदानावर चालणारा, टांगला तर कदाचित काम भागेल. शेकडो बॅटऱ्यांऐवजी एका साधनाची निगा. औषधांच्या शीतपेट्या, जमिनीखालील जलवाहिन्या, पुलांचे सांधे, सर्वांना हाच न्याय लागू आहे.

परंतु येथेच आम्हांस एक चिंता वाटते आणि ती आम्ही स्पष्ट सांगतो. या विद्येचा पहिला भर मोठी कोठारे, कारखाने व दुकाने यांतील मालाची मोजदाद करण्यावर आहे. त्यात नवल नाही, कारण तेथे छप्पर आहे, वीज आहे आणि खर्च करण्यास समर्थ असा धनी आहे. उघड्या शेताकरिता निरोप्या कोण उभारील? त्यास मागणी करणारा कोणी नसेल तर तो उभा राहणार नाही. मग ज्याच्याजवळ मनोरा आहे त्याच्याच वस्तू बोलतील, आणि ज्यास गरज अधिक त्याचे साधन मुकेच राहील.

दुसरी चिंता घरातील आहे. मॉस्कोच्या त्या राजचिन्हाचा दुसरा बोध आता सांगतो. ज्यात बॅटरी नाही ते थकत नाही, म्हणूनच ते कधी बंद आहे हे घरच्या माणसास कळत नाही. उद्या कपड्यांत, औषधांच्या डब्यांत, खोक्यांत असे टॅग येतील आणि आपला फोन त्यांचा निरोप्या होईल. त्या वेळी तीन प्रश्न प्रत्येक गृहिणीने व गृहस्थाने विचारावेत. पहिला, आमच्या फोनने कोणाचा निरोप न्यावा यास आमची संमती घेतली काय? दुसरा, त्यापायी आमच्या फोनचे जे चार्जिंग व जो डेटा खर्च होतो तो कोणाच्या खाती? तिसरा, वस्तू घरी आल्यावर तिच्यातील टॅग कायमचा मुका करता येतो काय? हा तिसरा प्रश्न अशक्य कोटीतील नाही. दुकानांत आज जे टॅग प्रचलित आहेत त्यांच्या नियमांतच टॅग कायमचा निकामी करण्याच्या आज्ञेची तरतूद आहे. ती वापरली जावी असा आग्रह धरणारा ग्राहक मात्र हवा.

या टॅगांत इतकी अल्प शक्ती असते की त्यांस भक्कम कुलूप लावणे कठीण जाते. म्हणून विश्वासाचा भार निरोप्यावरच अधिक पडतो. आपल्या समाजात निरोप्याचा धर्म पूर्वापार ठरलेला आहे. निरोप पोहोचवावा, त्यात भर घालू नये, त्यातून गाळू नये आणि वाटेत तिसऱ्याच्या कानी घालू नये. जो निरोप पोहोचवून शिवाय त्यावर आपला व्यापार करतो, त्यास आपण निरोप्या म्हणत नाही, दलाल म्हणतो. यंत्राने बनविलेल्या निरोप्यास हाच धर्म लागू करावा, इतकीच आमची मागणी आहे. ती नियम ठरत असताना करावयाची, नियम ठरल्यावर नव्हे.

म्हणून मंडळापुढे आम्ही दोन नम्र सूचना ठेवतो. आपल्या ज्ञातीतील कितीतरी मुले व मुली आज अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहेत. परीक्षेकरिता त्यांना एखादा प्रकल्प करावाच लागतो. त्यांनी तो कोठाराकरिता न करता एका चाळीकरिता, एका गोठ्याकरिता, एका गावच्या पाण्याच्या टाकीकरिता करावा, आणि त्यांच्या साहित्याचा खर्च शिक्षणनिधीतून द्यावा. एक वाचक यंत्र, मूठभर टॅग आणि एक पावसाळा, इतक्या सामग्रीवर पुष्कळ शिकता येईल. कोठे ऐकू येते व कोठे येत नाही याची नोंदवही ठेवावी, आणि ती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावी. दुसरी सूचना अशी की, महिला शाखेने वर सांगितलेले तीन प्रश्न एका पत्रकावर छापून सभासदांच्या घरोघरी द्यावेत. नवी वस्तू विकत घेताना गृहिणीने दुकानदारास विचारलेला एक प्रश्न कित्येकदा सभेतील ठरावाहून अधिक काम करतो.

बंधुभगिनींनो, ज्ञातीचे मंडळ तरी दुसरे काय करते? एखाद्या खेड्यातील विधवेचा अर्ज, एखाद्या हुशार पण निर्धन विद्यार्थ्याची विनंती, यांचा आवाज दूरच्या कचेरीपर्यंत आपोआप जात नाही. जवळचा कोणी तो ऐकतो, नीट लिहून काढतो आणि पुढे पोहोचवितो. आपल्या वडीलधाऱ्यांनी हे काम हाताने केले. पुढील पिढीस तेच काम वस्तूंकरिता यंत्रांनी करावयाचे आहे. यंत्र बदलले तरी जवळ जाण्याचे कर्तव्य बदललेले नाही.